चावीच्या आज्ञेतले दिवे

सेलूहून नागपूरकडे निघालेल्या माणसाला डाव्या हाताला, खताच्या दुकानाला खेटून, पत्र्याची एक टपरी दिसते. तिच्यावर पाटी नाही. एके काळी होती. वावटळीत ती उडाली तेव्हा रामाजी थूल यांनी ती शोधून आणली आणि बॅटऱ्या ठेवायला तिची फळी केली. ज्याला यायचे तो पाटी नसली तरी येतो आणि ज्याला यायचे नाही तो पाटी वाचूनही पुढे जातो, हे त्यांना तोवर उमगले होते.

प्रत्येक विद्या आपल्या उपासकाच्या देहावर काही ना काही मुद्रा उमटवते. कुंभाराचा अंगठा, विणकराची वाकलेली मान, लेखनिकाच्या मधल्या बोटावरचा घट्टा. रामाजींची मुद्रा दातावर आहे. वरच्या पुढच्या दातांपैकी एकाला बरोबर तारेच्या जाडीची खाच पडलेली आहे, कारण गेली सव्वीस वर्षे ते वायरीचे आवरण दातांनी सोलत आले आहेत. त्यासाठी पक्कड मिळते, ती त्यांच्याजवळ आहेही. पण पक्कड शोधावी लागते आणि दात तोंडातच असतात. ते हसले की ती खाच आधी दिसते, आणि ते वारंवार हसतात.

मोटारसायकल, ट्रॅक्टर, मालवाहू रिक्षा, ज्याच्यात म्हणून वीज खेळते त्या प्रत्येक वाहनाची नाडी त्यांना कळते. पण पंचक्रोशीत त्यांचे नाव झाले ते एका विशेष करामतीमुळे. लोक तिला 'चावीबिगर लाइट' म्हणतात. शेतीच्या विजेला पाळ्या असतात आणि त्या पाळ्या माणसाच्या झोपेला विचारून येत नाहीत. वीज आली की शेतकऱ्याला अवेळी विहिरीवर जावे लागते, आणि मोटार सुरू करायच्या पेटीपाशी दोन्ही हात गुंतलेले असताना उजेड कोण धरणार? रामाजींची आई लीलाबाई दुसऱ्यांच्या गव्हाला पाणी वळवायला जायची तेव्हा टॉर्च दातांत धरायची. ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला उजेडाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून रामाजी हाताखाली आलेल्या प्रत्येक गाडीला जादा दिवे बसवताना वीज थेट बॅटरीतून घेत. चावी खिशात, इंजिन बंद, आणि तरी दिवा पेटीवर लख्ख. सव्वीस वर्षे लोकांनी या युक्तीला दुवाच दिला होता.

अशा या रामाजींकडे पौषातल्या एका दुपारी नरहर देशकर आपली कोरी करकरीत मोटारसायकल घेऊन आले.

नरहर सर शाळेत संस्कृत शिकवायचे. वय सहासष्ट. रामाजी त्यांचेच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचे. आयुष्यभर सायकल आणि एसटी यांवर भागवलेल्या सरांनी निवृत्तीनंतर आठ वर्षांनी मोटारसायकल घेतली, याचे गावाला जेवढे आश्चर्य होते त्याहून थोडे अधिक सरांना स्वतःला होते. त्यांनी पिशवीतून एक खोका काढला. त्यात मुठीएवढे दोन दिवे होते.

"रामाजी, हे धुक्याचे दिवे. आमच्या सुमीतने पुण्याहून पाठवलेत. बसवून दे."

"दिवे चांगले हाय जी," रामाजींनी एक दिवा तळहातावर तोलून पाहिला. "पन सर, तुमाले कायले पाह्यजे? या वयात कोनाच्या मांगं लागता?"

"चक्रवाकाच्या."

रामाजींनी मान वर केली. "थे तुमी शायेत शिकोलतं थेच ना? रातभर नवरा एका काठावर अन् बायको दुसऱ्या?"

"तेच. बत्तीस वर्षे मी त्यांचा विरह शिकवला, रामाजी, आणि पक्षी एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही. परवा वनखात्याचा एक माणूस म्हणाला, हिवाळ्यात बोर धरणाच्या पाण्यावर ते उतरतात. हिंगणीच्या बाजूने पहाटे गेलात तर काठाजवळ दिसतील, उन्हे चढली की आत जातात. मला लाजच वाटली. न पाहिलेल्या पाखराच्या दुःखावर मी किती पोरांचे गुण कापले असतील."

"माहे दोन कापलते."

"तू चक्रवाकाला कोंबडा म्हणाला होतास."

"कोंबडाच तर पाह्यला होता जी आमी."

सर मनापासून हसले. मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली, आणि ती हसण्यासारखी नव्हती. मीराबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, या गाडीला संमती दिली होती ती एका अटीवर. मीराबाई तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. अट घालणे आणि ती पाळून घेणे या दोन्ही कलांत त्या पारंगत. पहाटेच्या धुक्यात जायचे तर दिवे हवेत, आणि गाडी रस्त्यात एकदा जरी बंद पडली तरी दुसऱ्या दिवशी ती वर्ध्याला त्यांचा भाचा अश्विन याच्या अंगणात उभी राहील. सहासष्टाव्या वर्षी रानाच्या कडेला गाडी ढकलत बसायचे वय नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आणि ते चुकीचे आहे असे सरांनाही म्हणता येत नव्हते. अश्विनने तर त्या गाडीच्या रंगाचे हेल्मेट आधीच घेऊन ठेवले होते, अशी वदंता होती.

"एकदा म्हणजे एकदाच," सर म्हणाले. "दुसरी संधी नाही."

"बंद पडनार नाई," रामाजी म्हणाले. "माह्या हातची वायरिंग आजवर वापस नाई आली जी."

त्या दुपारी त्यांनी जे काम केले ते पाहण्यासारखे होते. मूळ गाडीच्या एकाही तारेला त्यांनी धक्का लावला नाही. कंपनीने गुंफलेली वेणी कापणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकीचे केस कापणे, असे ते म्हणत. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, म्हणजे तार कुठे घासली, चिकटली, तर आधी तो बिचारा जळेल आणि गाडी वाचेल. तिथून तार टाकीखालून, हँडल वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल. उजव्या मुठीशी काळे बटन. दिवे पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, नजर किंचित खाली झुकलेली. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारणे त्यांना उद्धटपणा वाटे.

दिवे बरोबर झुकले आहेत की नाहीत हे भर दुपारी कसे कळावे? रामाजींची त्यावर तोड होती. टपरीत एक जाड गोधडी होती. ती गाडीच्या पुढच्या अंगावर टाकून आत डोके घालायचे आणि चाकापुढे धरलेल्या पुठ्ठ्यावर उजेड कुठे पडतो ते पाहायचे. सरांनाही आत बोलावले गेले. भर रस्त्यावर एका मोटारसायकलीच्या पुढे गोधडी, तिच्यातून बाहेर आलेले दोन देह, एक धोतरातला आणि एक ऑइलने माखलेल्या पँटीतला, आणि आतून आवाज:

"उजवा जरासा वर हाय."

"किती सुंदर आहे रे हे."

"सर, पुठ्ठा हलवू नका."

येणारे जाणारे थांबले नाहीत. ती गोधडी सेलूच्या ओळखीची होती.

सर पहाटेच बोरला जाणार होते, तो गुरुवार उजाडला. रामाजींनी टपरी उघडून अगरबत्ती लावली आणि एका ट्रॅक्टरचे हॉर्न खोलून ठेवले, तेवढ्यात सव्वानऊला फोन वाजला.

"रामाजी," सरांचा आवाज कुजबुजल्यासारखा होता, जणू मीराबाई पलीकडच्या खोलीत असाव्यात. "गाडी सुरू होत नाही. बटन दाबले की नुसते टक टक म्हणते."

"कुठं हाय जी तुमी?"

"हिंगणीत, थांब्याजवळच्या चहाच्या दुकानात. एका सज्जनाने धरणापासून ढकलायला मदत केली. आणि रामाजी, ही गोष्ट..."

"समजलं जी. येतो."

नव्या गाड्यांना पायाने मारायची किक नसते. बॅटरी मेली की गाडी पाषाण. रामाजींनी एक भरलेली बॅटरी कापडी पिशवीत घातली, दोन जाड तारा गळ्यात अडकवल्या आणि स्कूटरला टाच मारली. वाटभर ते एकच विचार करत होते. फ्यूज? तो तर नवा. तार कुठे घासली? घासूच शकत नाही, तिथे त्यांनी रबर भरले होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातची गाडी परत येत होती, आणि तीही नेमकी अशा माणसाची की ज्याच्या हातातून ती कायमची जायची होती.

हिंगणीला पोचून त्यांनी गाडीकडे एकदाच पाहिले. मुठीजवळचे काळे बटन खाली दाबलेले होते. चालू.

"सर, तुमी लाइट चालू ठेवून गेलते."

"चावी काढली होती मी," सर म्हणाले. हे त्यांनी बचाव म्हणून सांगितले नाही. त्यांना खरोखरच कोडे पडले होते. "धुके होते तोवर दिवे लागले. पोचलो तेव्हा उजाडले होते, दिवे लागलेत की विझलेत ते उन्हात कळेना. मी चावी काढून खिशात टाकली. चावी काढली म्हणजे सगळे मिटले, असेच ना? आणि मग मला ते दिसले."

"कोन?"

"चक्रवाक. दोन. केशराच्या रंगाचे, रामाजी. मी दीड तास तिथे बसलो होतो. त्यांचा आवाज फार कर्कश असतो, हे कुठल्याच कवीने सांगितलेले नाही."

ज्या शेतकऱ्याने गाडी ढकलली होती तो चिंधू, डोक्याला मफलर गुंडाळून, बाजूलाच बशीतला चहा ओढत बसला होता. त्याची स्वतःची गाडी तिथेच उभी होती आणि तिच्यावरही रामाजींचेच दिवे होते.

"मास्तर, थो चावीबिगर लाइट हाय," चिंधूने सरांना समजावले. "तुमी चावी काढा, नाईतर विहिरीत फेका, थो बटन बंद केल्याबिगर जात नाई. म्हनून तर आमी रामाजीकडं जातो. काल राती पेटी खोलली, दोनी हात आत, लाइट समोर. देवमानूस हाय हा."

देवमाणूस मात्र खाली बसून बॅटरीचे झाकण काढत होता आणि वर पाहत नव्हता. विहिरीवर दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला जो दिवा वरदान, तोच पाण्याकाठी पाखरात हरवलेल्या माणसाला शाप. चिंधू घरी जाताना बटन बंद करतो कारण त्याला अंधार ठाऊक आहे. दिवा विझला की नाही हे त्याला लगेच दिसते. सर उन्हात उतरले होते. या दोन माणसांमध्ये फरक आहे, तो आधी विचारायला हवा होता, हे रामाजींच्या कधी मनातच आले नव्हते. लीलाबाईच्या लेकाने सगळ्या जगाला विहिरीवर उभे केले होते.

त्यांनी बॅटरीला बॅटरी जोडली. गाडी एका दमात सुरू झाली.

तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन वाजला. मीराबाईंचा हा तिसरा फोन होता. सरांनी तो कानाला लावला.

"हिंगणीत. हो. चहा घेतोय. येतोच."

फोन खिशात टाकून ते म्हणाले, "आता घरी सांगावे लागेल."

"बाईले काऊन सांगता?" चिंधू म्हणाला. "पंक्चर झालतं म्हना. पंक्चर कोनाचं बी होते."

रामाजींना हा सल्ला क्षणभर फार शहाणा वाटला. पंक्चरात वायरिंगचा काहीच संबंध नसतो. गाडी सरांची राहील, आणि सव्वीस वर्षांचे बोलही खरे राहतील.

"मीराबाई तहसिलीत होत्या," सर खेदाने म्हणाले. "तीस वर्षे लोकांनी त्यांना पंक्चरच सांगितली आहेत."

दोघे आपापल्या गाडीवर सेलूला निघाले. वाटेत रामाजी टपरीपाशी थांबले, काळ्या रंगाची काड्यापेटीएवढी एक डबी आणि अवजारांची पिशवी उचलली, आणि सरांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले.

मीराबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिले, मग रामाजींच्या गळ्यातल्या तारांकडे. त्या दोन तारांनी जे सांगायचे ते सांगून टाकले होते.

"दोष माझा आहे," सरांनी सुरुवात केली. "बटन..."

"तुमी थांबा सर," रामाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सरांचे वाक्य तोडले. "बाई, गाडी बंद पडली. सरांनं नाई पाडली, मी पाडली. मी शेतकऱ्याचा लाइट मास्तराले बसोला. त्याईले चावीसंगं बंद होनारा पाह्यजे होता. मी विचारलंच नाई."

मीराबाईंनी हातातली शेंग पुरी सोलली, दाणे वाटीत टाकले, आणि मग बोलल्या.

"म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली."

"हो जी."

"ढकलावी लागली."

"हो."

"किती?"

"धरणापासून थांब्यापर्यंत," सर म्हणाले. "पण चिंधू म्हणून एका सज्जनाने..."

"तुमचं वय किती?"

उत्तर मीराबाईंना सरांहून नीट ठाऊक होते. त्या उठल्या, आत गेल्या आणि फोन घेऊन बाहेर आल्या. अश्विनचा नंबर काढायला त्यांना चष्मा लागला, आणि तेवढ्या अवकाशात रामाजी बोलले.

"बाई, अट गाडीची होती. गाडी चांगली हाय. चुकला तो मानूस. मले एक घंटा द्या. इथंच, तुमच्या समोर बसोतो. नाई जमलं तर फोन लावजा, मी सोता गाडी वर्ध्याले नेऊन देतो."

मीराबाईंनी चष्मा नाकावरून खाली घेतला. "काय करणार ते आधी सांगा. कळेल असं."

रामाजींनी काळी डबी तळहातावर ठेवली. "हे रिले हाय. समजा बाई, तुमच्या हापिसात कपाटात पैसे हाय, पन कपाट उघडाले तुमची सही लागते. बॅटरी म्हनजे कपाट. हे डबी म्हनजे शिपाई. चावी म्हनजे सही. मांगच्या लाल दिव्याची तार चावी लावली तरच जागी राह्यते. तिच्यातून बटनावाटे बारकीशी सही घ्याची अन् शिपायाले द्याची. सही हाय तोवर शिपाई कपाट उघडं ठेवते. चावी काढली, सही गेली, शिपायानं कपाट लावलं. मंग बटन चालू राहो का बंद, दिवा जाते."

"शिपाई सहीशिवाय उघडत नाही?"

"हा नाई उघडत."

"मग असा शिपाई मी पाहिला नाही," मीराबाई म्हणाल्या. पण फोन त्यांनी पदराखाली ठेवला.

रामाजी कामाला बसले. अंगणात ऊन, शेजारी तुरीची टोपली, समोर एक निवृत्त अव्वल कारकून पाटावर बसलेली. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांनाच हे कळेल. आणि इथे तर गुरुजीही निकालाची वाट पाहत बाजूला उभे होते. मागच्या दिव्याचे आवरण काढून त्यांनी टेस्टरचे टोक एकेका तारेला लावले आणि सरांना चावी लावायला, काढायला सांगितले. लावली की टेस्टर उजळे, काढली की मिटे, अशी तार सापडली. तिला न कापता, जोडाच्या आत एक पातळ पट्टी सरकवून, त्यांनी तिची साक्ष बटनापर्यंत नेली. आवरण सोलायला तार दातांपाशी गेली, आणि मीराबाई म्हणाल्या, "पक्कड नाही?"

रामाजींनी मुकाट्याने पिशवीतून पक्कड काढली.

तास संपायच्या आत काम झाले. मीराबाई उठल्या. त्यांनी सरांच्या हातून चावी घेतली, लावली, बटन दाबले. दिवे लागले, उन्हात फिकट, पण लागले. त्यांनी वाकून, हाताचा आडोसा करून, दोन्ही दिव्यांत पाहिले. चावी काढली. डबीने आत 'टक्' केले आणि दिवे गेले. पुन्हा चावी लावली. दिवे आले. पुन्हा काढली. असे त्यांनी सात वेळा केले. आठव्या वेळी त्यांनी चावी हळूच, अर्धीच फिरवली, एखाद्या लबाड अर्जदाराला अडचणीत पकडावे तशी. दिवे अर्धवट राहिले नाहीत, गेले.

"सर, तुमीबी एकडाव..." रामाजी म्हणाले.

"त्यांना नको," मीराबाई म्हणाल्या. "ते विसरतात. जो विसरतो त्याच्या विसरण्याला चालेल असंच हवं होतं. आता चालेल." आणि मग, फारसा स्वर न बदलता, सरांकडे वळून, "दिसले का ते?"

सर गडबडले. सकाळपासून हा प्रश्न त्यांना कोणी नीट विचारलाच नव्हता. त्यांनी केशरी रंग सांगितला, पाण्यावरची वाफ सांगितली, दोघांचे एकमेकांवर ओरडणे सांगितले. सांगताना ते पुन्हा वर्गात उभे राहिल्यासारखे सरळ झाले. मीराबाई ऐकत होत्या आणि एक बोट गाडीच्या मागच्या आसनावरून फिरवत होत्या.

"रात्रभराचा विरह संपल्यावर ओरडतात?"

"फार."

"स्वाभाविक आहे," त्या म्हणाल्या. "परत जातात कधी?"

"फाल्गुनाच्या आत."

मीराबाईंनी फोन पदराखालून काढला. पलीकडे अश्विनने उचलला तेव्हा त्यांनी त्याची तब्येत विचारली, त्याच्या बायकोची विचारली, आणि मग म्हणाल्या, "ते हेल्मेट तू घेतलंयस ना? ते पाठवून दे. हो, मलाच. माप माझ्या डोक्याला होईल का बघून सांग."

फोन ठेवून त्यांनी मागचे आसन दोन्ही हातांनी हलवून पाहिले. "रामाजी, इथे बसणाऱ्याने धरायचं काय?"

रामाजींनी पाहिले. कंपनीची कडी जागेवर नव्हती. नुसती चार भोके होती. त्यांनी सरांकडे पाहिले. सरांनी आंब्याच्या झाडाकडे पाहिले.

"मी काढायला लावली होती," सर म्हणाले. "दुकानात. मागे कोणी बसेल असं वाटलं नव्हतं."

"माळ्यावर आहे का?"

"आहे."

"मग उभे काय राहिलात?"

सर शिडी आणायला गेले. रामाजींनी पिशवीत हात घालून चौदा नंबरचा पाना चाचपला, आणि भोकांतली धूळ फुंकर मारून काढू लागले.